घड्याळ नका बघू, फेऱ्या बघा : नानजिंगची ३००० मीटर

पहाटेपाच (२३ मार्च २०२५, रात्री ९:४०)

नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसनने चीनमधल्या नानजिंगला काल ३००० मीटर मारली आणि आज १५००. वर्ल्ड इनडोअरमध्ये (छपराखालच्या ट्रॅकवरची जागतिक स्पर्धा) एकाच वर्षी या दोन्ही शर्यती जिंकणारा तो दुसराच पुरुष. पहिला हाइले गेब्रसेलासी, १९९९ साली जपानमधल्या माएबाशीला. मध्ये सव्वीस वर्षं गेली. आणि आमच्या रनिंग ग्रुपवर यावर काय चर्चा, तर "७:४६? एवढंच? हा माणूस बाहेर ७:१७ पळतो ना?"

म्हणून हा धागा काढतोय. ग्रुपवर लिहिलं तर मध्येच कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि विषय वाहून जातो.

निकाल आधी. ३००० : इंगेब्रिग्टसन ७:४६.०९, इथिओपियाचा बेरिहू अरेगावी ७:४६.२५, ऑस्ट्रेलियाचा काय रॉबिन्सन ७:४७.०९. पहिल्या दोघांत सोळा शतांश सेकंद, म्हणजे त्या वेगाला साधारण एक पाऊल. पंधरा फेऱ्या पळून एक पाऊल! १५०० मध्ये इंगेब्रिग्टसन ३:३८.७९, मागे ब्रिटनचा नील गोर्ली आणि अमेरिकेचा ल्यूक हाउझर.

वेळ बघून नाक मुरडणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, की याच माणसाने गेल्या महिन्यात फ्रान्समध्ये लिएव्हाँला इनडोअर माइल ३:४५.१४ मध्ये काढली आणि वाटेत १५०० मीटरची खूण ३:२९.६३ ला ओलांडली. एकाच शर्यतीत दोन विश्वविक्रम. तेव्हा पुढे पेसर (ठरलेल्या वेगाने पळून वाट काढून देणारे) होते, ट्रॅकच्या कडेला वेगाचे दिवे पळत होते. चॅम्पियनशिपला पेसर नसतो, दिवे नसतात, आणि वेळेचं बक्षीस तर नसतंच. पहिले तीन कोण, एवढाच प्रश्न असतो.

तेव्हा शर्यत बघताना कोपऱ्यातलं घड्याळ सोडा. कोण आतल्या कडेला आहे, कोण बाहेरून ओढतोय, कोण डब्यात अडकलाय ते बघा. (डबा म्हणजे पुढे एक, बाजूला एक, मागे एक, आणि आपण मध्ये.) ज्यांनी शर्यत बघितली त्यांनी लिहा.

---

रविवार_कारंजा (२३ मार्च, रात्री १०:१५)

शर्यत बघितली. प्रामाणिकपणे सांगतो, मजा शेवटच्या दोन फेऱ्यांतच आली. आधीच्या तेरा फेऱ्यांत मी चहा करून आलो.

एक शंका आहे. वारा नाही, ऊन नाही, पाऊस नाही, छप्पर आहे, सपाट रबराचा ट्रॅक आहे. मग इनडोअरचे विक्रम बाहेरच्यापेक्षा भारी असायला हवेत ना? इथे सगळं उलटंच दिसतंय. माइल बाहेर ३:४३.१३, आत ३:४५.१४. पाच हजार बाहेर १२:३५, आत १२:४४. काय भानगड आहे?

---

गणितमास्तर (२३ मार्च, रात्री ११:०२)

भानगड वळणांची. आणि ट्रॅक सपाट नसतो, तेही सांगतो.

बाहेरचा ट्रॅक ४०० मीटरचा, त्याच्या वळणाची त्रिज्या साधारण ३६.५ मीटर. इनडोअरचा २०० मीटरचा, त्रिज्या साधारण १७ मीटर. म्हणजे निम्म्याहून कमी. नानजिंगच्या ३००० चा सरासरी वेग काढा : सेकंदाला जवळपास साडेसहा मीटर. या वेगाने वळण घ्यायचं तर शरीर आत झुकावं लागतं. बाहेरच्या ट्रॅकवर ते साधारण ७ अंश झुकतं, इनडोअरला १४ अंशांच्या आसपास. आता दर फेरीला दोन वळणं, पंधरा फेऱ्या, म्हणजे तीस वळणं या अवस्थेत पळायची.

म्हणून इनडोअरची वळणं बाहेरच्या बाजूने उचललेली असतात, साधारण दहा अंशांपर्यंत. जत्रेतल्या मौत का कुआँचं सौम्य रूप समजा. या उताराने झुकण्याचा बराचसा भार ट्रॅक स्वतःवर घेतो, पण सगळा नाही. शिवाय धावपटू वळणावर चढतो आणि सरळ रस्त्यावर उतरतो. बाहेरच्या लेनमध्ये गेलात तर चढ जास्त. एखादा गडी वळणावर तिसऱ्या लेनमधून पुढे जायला बघतो आणि जागच्या जागी पळतोय असं वाटतं, त्याचं कारण हे.

दुसरा हिशोब अंतराचा. सबंध शर्यत एक लेन बाहेरून पळालात तर दर फेरीला जास्तीचं अंतर किती? दोन पाय (π) गुणिले लेनची रुंदी. त्रिज्या यात येतच नाही! इनडोअर लेन ९० सेंटिमीटर धरली तर फेरीला साडेपाच मीटरहून थोडं जास्त. बाहेर लेन १.२२ मीटर, तिथे फेरीला साडेसात मीटरच्या वर. वरवर पाहता बाहेर नुकसान जास्त. पण ३००० ला बाहेर साडेसातच फेऱ्या, आत पंधरा. एकूण हिशोब : बाहेर ५७-५८ मीटर, आत ८५ मीटर. म्हणजे इनडोअरला पूर्ण वेळ दुसऱ्या लेनमध्ये राहिलेला माणूस ३००० नाही, ३०८५ पळाला. त्या वेगाला तेरा सेकंद झाले हे.

प्रत्यक्षात कोणी पूर्ण वेळ पूर्ण लेन बाहेर नसतं, पण अर्ध्या शर्यतीला अर्धी लेन तर असतंच.

---

पहाटेपाच (२३ मार्च, रात्री ११:२०)

मास्तर, दंडवत. मला हेच सांगायचं होतं, फक्त माझ्याकडे पाय नव्हता. :)

यात एक भर घालतो. दोनशेच्या ट्रॅकवर सरळ रस्ता पन्नास मीटरही नसतो. त्या वेगाला सहा-सात सेकंद. पुढच्याला ओलांडायचं तर एवढ्या वेळात निर्णय घ्यायचा, बाहेर पडायचं, त्याच्या पुढे जायचं आणि आतल्या कडेला परत यायचं. नाही जमलं तर वळण त्याच्या खांद्याला खांदा लावून बाहेरून काढायचं, म्हणजे एका वळणाला पावणेतीन मीटर फुकट. आणि तो पुढचा काही साधा माणूस नसतो. तुम्ही शेजारी आलात की तो नेमका तेव्हाच जरासा वेग वाढवतो. तेवढंच, जरासा. तुम्ही लटकलात.

रविवार कारंजा, तुम्ही चहा करत होतात तेव्हा हेच चाललं होतं.

---

चार्ल्सकाठी (२४ मार्च, पहाटे ४:३०)

मूळचा नाशिकच्या कॉलेज रोडचा, सध्या बॉस्टनला. बॉस्टन युनिव्हर्सिटीचा इनडोअर ट्रॅक घरापासून जवळ आहे, हिवाळ्यात जाऊन बसतो.

टीव्हीवर एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे आवाज. ट्रॅकची वळणं लाकडी-लोखंडी सांगाड्यावर उभी असतात. पंधरा-वीस जण वळणावर आले की खालून दबका धडधडाट होतो. प्रेक्षक कठड्यावर वाकून धावपटूंच्या डोक्यापासून हातभर अंतरावर ओरडत असतात. आणि शर्यत संपली की खोकला! आतली हवा इतकी कोरडी असते की पाच हजार पळून आलेला अख्खा कळप वाकून खोकत असतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं साथ आली की काय.

गेल्या महिन्यात इथेच आपल्या गुलवीर सिंगने ५००० मीटर १२:५९.७७ मध्ये काढली. तेरा मिनिटांच्या आत जाणारा पहिला भारतीय. त्याच महिन्यात ३००० ला ७:३८.२६, तोही राष्ट्रीय विक्रम. आता पहाटेपाच, तुम्ही म्हणता घड्याळ बघू नका. पण माझ्यासारख्याने नानजिंगचे ७:४६ बघितले आणि गुलवीरचे ७:३८ आठवले तर त्याने काय समजायचं?

---

रविवार_कारंजा (२४ मार्च, सकाळी ८:०५)

म्हणजे गुलवीर नानजिंगला असता तर सोनं आपलं! मांडा हिशोब.

---

गणितमास्तर (२४ मार्च, सकाळी ८:४०)

मांडतो, आणि लगेच मोडतोही.

गुलवीरचे १२:५९.७७ म्हणजे पंचवीस फेऱ्या, सरासरी ३१.१९ सेकंद. इंगेब्रिग्टसनचे ७:४६.०९ म्हणजे पंधरा फेऱ्या, सरासरी ३१.०७. म्हणजे ज्या सरासरीने नानजिंगचं सोनं मिळालं, जवळपास त्याच सरासरीने आपला गडी आणखी दहा फेऱ्या पळालाय. गेल्या वर्षी ग्लासगोच्या वर्ल्ड इनडोअरला ब्रिटनचा जॉश कर ३००० जिंकला ७:४२.९८ मध्ये, तीही ७:३८ पेक्षा हळूच.

पण सरासरी ही फार लबाड चीज आहे. समजा पहिल्या अकरा फेऱ्या ३२ सेकंदांनी निघाल्या, तर ७:४६ ला पोचायला उरलेल्या चार साडेअठ्ठावीसने काढाव्या लागतात. (हे आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, नानजिंगचे स्प्लिट, म्हणजे फेरीवार वेळा, नव्हेत.) पंधरा फेऱ्या ३१ ने काढणं हा एक खेळ आहे, अकरा ३२ ने आणि चार साडेअठ्ठावीसने हा वेगळाच.

---

पहाटेपाच (२४ मार्च, सकाळी ९:१०)

अगदी. गुलवीरने बॉस्टनला जे केलं ते पहिल्या प्रकारातलं, आणि तिथे तो आता जगाच्या पंक्तीत आहे, यात शंका नाही. पण २०२४ च्या फेब्रुवारीत तेहरानला त्याने एशियन इनडोअरचं ३००० चं सोनं जिंकलं ते ८:०७ मध्ये. वेळ कोणी लक्षात ठेवली? सोनं लक्षात आहे. तेच सोनं मला त्याच्या विक्रमाइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे त्याला शर्यत जिंकावी लागली, वेळ काढावी लागली नाही.

हळू शर्यतींचा कळस बघायचा असेल तर २०१८ ची बर्मिंगहॅमची वर्ल्ड इनडोअर बघा. १५०० चं सोनं सॅम्युएल तेफेराला, ३:५८.१९! आपल्या जिन्सन जॉन्सनचा राष्ट्रीय विक्रम ३:३५.२४ आहे. ३००० चं योमिफ केजेल्चाला, ८:१४.४१. कोणालाच पुढे व्हायचं नव्हतं, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत फिरत होते. म्हणून तेफेरा कच्चा का? त्यानेच चार वर्षांनी बेलग्रेडला ३:३२.७७ मध्ये याच इंगेब्रिग्टसनला हरवलं. संथ शर्यत हवी तर संथ, तेज हवी तर तेज.

---

भोसलाकर (२४ मार्च, दुपारी १:३०)

धागा आवडला. मी संध्याकाळी पोरांना पळवतो, त्या बाजूने लिहितो.

नाशिकची ओळख लांब पल्ल्याची. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीला कॉमनवेल्थमध्ये १०,००० ला ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूला एशियन गेम्समध्ये रौप्य आणलं, तेव्हापासून इथल्या प्रत्येक गावात एखादी तरी पोर अनवाणी पळताना दिसते. नंतर संजीवनी जाधव. दम आपल्या मातीत आहे, हवा बरी आहे, उंची सहाशे मीटरच्या आसपास आहे, चढावाला पांडवलेणी आणि चामारलेणी आहेत. पण आपली पोरं पळतात एकेकटी किंवा डांबरी रस्त्यावर सरळ रेषेत. मुरलेल्या घोळक्यात पळायला ती शिकतच नाहीत. कोपर कुठे ठेवायचं, पुढच्याच्या टाचेत पाय न अडकवता किती जवळ राहायचं, डबा झाला की घाबरून बाहेर उडी मारायची की दोन फेऱ्या शांत बसायचं, हे वयाच्या विसाव्या वर्षी शिकून येत नाही.

मागे एका आंतरशालेय स्पर्धेत गेलो होतो. मैदान लहान, म्हणून दोनशेचा गोल आखलेला, ३००० मीटर म्हणजे पंधरा फेऱ्या. फक्की टाकलेली होती, पण आधी लहान गटाच्या शर्यती झाल्यामुळे वळणावरची फक्की पार पुसलेली. पहिल्या तीन फेऱ्यांत पोरं आत शिरून शिरून गोल छोटा करत गेली. मागचे दोघे लॅप झाले (एक अख्खी फेरी मागे पडले), आणि फेऱ्या मोजणारे सर पाटीवर आकडा लिहायचे विसरले. घंटा वाजली तेव्हा पुढचा मुलगा जीव तोडून सुटला. रेषा ओलांडून तो गुडघ्यावर बसला आणि पंच म्हणाले, "अरे उठ, अजून एक आहे!" तो उठला, पळाला, चौथा आला. त्याच्या तोंडावर जे होतं ते मला लिहिता येणार नाही. त्याचे वडील मैदानाच्या कडेला मोटरसायकलवर बसून होते, त्यांनी फक्त किक मारली.

त्या पोराला मी नंतर एवढंच शिकवलं, की फेऱ्या स्वतः मोज. आता तो दर फेरीला एक बोट दुमडतो. पाच झाली की मूठ उघडून पुन्हा सुरू. तीन मुठी म्हणजे ३०००.

---

निफाडचीआई (२४ मार्च, दुपारी ३:१५)

भोसलाकर सर, तुमची प्रतिक्रिया वाचून पोटात कालवलं. माझा मुलगा चौदाचा आहे, १५०० पळतो. आमच्याकडे मोठं मैदान नाही. शाळेच्या मागे जो मोकळा तुकडा आहे तिथे दोनशेच्याही आतलाच गोल बसतो. तो रोज तिथेच गोल गोल पळतो आणि हल्ली डाव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं म्हणतो. हे तुम्ही सगळे जे वळणांचं सांगताय, त्याचाच प्रकार का? आणि बंद करू का त्याचं तिथलं पळणं?

---

भोसलाकर (२४ मार्च, संध्याकाळी ७:५०)

ताई, बंद नका करू, पण रोज नको. दुखणं आठवडाभरात कमी नाही झालं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, इथे विचारून अंदाज लावण्यात अर्थ नाही.

बाकी माझं मत असं. नानजिंगच्या ट्रॅकला वळणावर उतार दिलेला आहे, तुमच्या गोलाला नाही. सपाट जमिनीवर एवढं आखूड वळण घेताना सगळा ताण घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो, आणि एकाच दिशेने पळाल्यावर एकाच पायावर येतो. तेव्हा सावकाश पळण्याचे दिवस शेताच्या रस्त्याला किंवा कालव्याच्या कडेने काढा. गोलावर पळायचंच तर अर्ध्या फेऱ्या उलट्या दिशेने. आणि त्या गोलावर जोरात पळणं फक्त आठवड्यातून एखाद्या वेळी, तेही थोडं. चौदाव्या वर्षी एवढं पुष्कळ झालं. स्पाइक (खिळ्यांचे बूट) त्या कडक मातीवर अजिबात नको, साधे बूट.

---

निफाडचीआई (२४ मार्च, रात्री ८:२०)

मनापासून आभार सर. कालव्याचा रस्ता घरामागेच आहे, डोक्यातच आलं नव्हतं.

---

भरती_१६०० (२५ मार्च, सकाळी ६:४०)

मी पोलीस भरतीची तयारी करतोय, सिन्नर. या वर्ल्ड चॅम्पियनशिपचं मला काही कळत नाही, पण गणितमास्तरांचा लेनवाला हिशोब वाचून झोप उडाली. आम्हाला ग्राउंडला १६०० असते. घोळक्यात सोडतात. मी धक्काबुक्की नको म्हणून कायम बाहेरून पळतो. माझं किती नुकसान होतं?

---

गणितमास्तर (२५ मार्च, सकाळी ७:१५)

४०० चा ट्रॅक धरला तर चार फेऱ्या. पूर्ण एक लेन बाहेरून पळालास तर साधारण ३० मीटर जास्त. ५ मिनिटं १० सेकंदांत १६०० पळणाऱ्याच्या वेगाने हे जवळपास सहा सेकंद होतात. अर्धी लेन बाहेर असशील तर तीन. भरतीत सेकंदाला काय भाव असतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

---

भरती_१६०० (२५ मार्च, सकाळी ७:१८)

सहा सेकंद!!! आयला.

---

पहाटेपाच (२५ मार्च, सकाळी ७:४५)

भो, घाबरू नको. सुरुवातीची धक्काबुक्की पहिल्या शंभर मीटरचीच असते. तेवढं बाहेरून जा, वेग धर, आणि पहिलं वळण संपायच्या आत कडेला ये. मग ओलांडायचं ते फक्त सरळ रस्त्यावर. वळण आलं की पुढच्याच्या मागे गप्प बसायचं, कितीही हात शिवशिवले तरी. ग्लासगोला गेल्या वर्षी १५०० मध्ये न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश बराच मागे होता आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर बाहेरून येऊन ३:३६.५४ ला जिंकला. मागचे दोघे कोल हॉकर आणि हॉब्स केसलर, दोघंही त्याच्यापासून वीस शतांशांच्या आत. हॉकरने पुढे पाच महिन्यांनी पॅरिसला ऑलिंपिकचं सोनं घेतलं, म्हणजे कोणाला मागे टाकलं बघ.

---

रविवार_कारंजा (२५ मार्च, सकाळी ९:३०)

थांबा थांबा. आधी म्हणालात बाहेरून जाणारा मरतो. आता बाहेरून आलेला जिंकला. ठरवा एकदा.

---

पहाटेपाच (२५ मार्च, सकाळी ९:५०)

दोन्ही खरं आहे. बाहेरची लेन म्हणजे खर्च आहे. खर्च करूच नये असं कोण म्हणतंय? सातव्या फेरीला करायचा की शेवटच्या पन्नास मीटरला, एवढाच प्रश्न. सगळ्यात मागे असणाऱ्याला एक फायदा असतो, तो म्हणजे आतली कड त्याला मोकळी मिळते, कारण भांडण सगळं पुढे चाललेलं असतं. धोका हा, की पुढे कोणी सटकला तर आठ-दहा जणांची भिंत ओलांडून त्याच्यापर्यंत पोचायचं. बीमिशची शर्यत तसा जुगार होती. जॉश करने त्याच ग्लासगोत ३००० ला स्वतः आधी जोर लावून पुढे राहायचं ठरवलं. मला विचाराल तर करचा मार्ग जास्त पटतो, बीमिशचा बघायला आवडतो.

---

चार्ल्सकाठी (२६ मार्च, पहाटे ५:१०)

आतल्या कडेवरून आठवलं. बर्मिंगहॅम २०१८ मध्ये पुरुषांच्या ४०० च्या एका हीटमध्ये (फायनलआधीच्या पात्रता शर्यतीत) पाचच्या पाच धावपटू बाद झाले होते! कोणी लेन सोडली, कोणी आधीच सुटला. हीट पळाली, निकाल कोणाचाच नाही. एवढ्याशा गोलात रेषेवर पाय पडणं किती सोपं आहे बघा.

---

भोसलाकर (१६ सप्टेंबर २०२५, सकाळी १०:२०)

धागा वर काढतोय. काल टोकियोला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ३००० स्टीपलचेसचं सोनं कोणाला? जॉर्डी बीमिश! ८:३३.८८. मागे मोरोक्कोचा एल बक्काली ८:३३.९५. दोनदा ऑलिंपिक आणि दोनदा जगज्जेता माणूस, सात शतांशांनी गेला. आणि बीमिश हीटमध्ये पडला होता, दुसऱ्याचा स्पाइकचा बूट त्याच्या तोंडावर पडला होता. तसा उठून फायनलला आला.

इनडोअरच्या दोनशेच्या गोलातली शाळा बाहेरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत कामाला आली, असं मी म्हणेन. घोळक्यात डोकं थंड ठेवणं तेच, शेवटचा सरळ रस्ता तोच.

---

रविवार_कारंजा (१६ सप्टेंबर, सकाळी ११:००)

बघितली. चहा करायला उठलो नाही.

भरतीवाला कुठे गेला? ग्राउंड झालं का त्याचं?

---

भरती_१६०० (१७ सप्टेंबर, रात्री ९:४५)

आहे इथेच. ग्राउंड अजून नाही. कडेने पळायचा सराव चालू आहे, पण पोरं कोपर मारतात राव. परवा एकाने बरगडीत दिलं, अजून दुखतंय.

---

भोसलाकर (१७ सप्टेंबर, रात्री १०:१०)

कोपर येणारच. तुझा हात शरीरालगत आणि कोपर जरा मागे ठेव, म्हणजे शेजारच्याला घुसायला फट मिळत नाही. मारायचं नाही, पण जागा सोडायची नाही. चार-पाच मित्र घेऊन मुद्दाम एकमेकांना चिकटून फेऱ्या मारा, वेग अगदी आरामाचा. आठवड्यात अंगवळणी पडेल.

---

चार्ल्सकाठी (१८ सप्टेंबर, पहाटे ४:५०)

पुढची वर्ल्ड इनडोअर मार्च २०२६ मध्ये, पोलंडमधल्या तोरुनला, २० ते २२. संध्याकाळच्या फायनल नाशिकला रात्री उशिरा दिसतील. ३००० ला कोण, सांगून ठेवा आत्ताच.

---

रविवार_कारंजा (१८ सप्टेंबर, सकाळी ८:३०)

माझा माणूस अरेगावी. नानजिंगला एका पावलाने गेलं, पॅरिसला १०,००० मध्येही रौप्यच. आता त्याचा नंबर.

---

पहाटेपाच (१८ सप्टेंबर, सकाळी ८:५५)

अरेगावी आला तर त्याने बसून राहू नये एवढीच इच्छा. इंगेब्रिग्टसनने पोलंडमध्येच ७:१७.५५ चा विश्वविक्रम केला त्या शर्यतीत हा दुसरा होता, ७:२१.२८. म्हणजे जोरात पळायला तो कोणाला घाबरायचं कारण नाही. त्याने आठव्या-नवव्या फेरीपासून ओढायला लागावं आणि बाकीच्यांच्या पायातली किक (शेवटी मारायचा जोर) आधीच काढून टाकावी. शेवटच्या फेरीपर्यंत सगळ्यांना सोबत आणलं तर पुन्हा रौप्य.

---

गणितमास्तर (१८ सप्टेंबर, सकाळी ९:२०)

ओढणार कोण पण? पुढे पळणाऱ्यालाच हवा कापावी लागते, मागचे आरामात येतात. मला वाटतं पहिल्या दहा फेऱ्या ३२ च्या वर जातील.

---

पहाटेपाच (१८ सप्टेंबर, सकाळी ९:२५)

मग माझं मत जॉश करला. तो आला तर.